स्वयंपाक करणारीचं ताट

पाककृतीच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं: तयारी दहा मिनिटं, शिजायला वीस मिनिटं, चार माणसांसाठी. या चार माणसांत स्वयंपाक करणारी व्यक्ती धरली आहे का, आणि धरली असेल तर ती इतर तिघांबरोबर जेवते की त्यांच्यानंतर, हे मात्र कुठे लिहिलेलं नसतं. माझ्या लेखी कुठल्याही रोजच्या पदार्थाबद्दल विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच आहे. चवीचा प्रश्न त्यानंतरचा.

मी कोल्हापूरची. आमच्या घरी तव्यावरून उतरलेली पोळी थेट ताटात पडायची. फुगलेल्या पोळीतली वाफ बोटांना चटका द्यायची, आणि तिच्यावर तूप घातलं की ते पसरेपर्यंत आम्ही पहिला घास तोडलेला असायचा. या सुखाला मी आजही कमी लेखत नाही. पण ते सुख चालू असताना आई ओट्याशी उभी असायची, आमच्याकडे पाठ करून. आमची जेवणं उरकली की ती शेवटच्या दोन पोळ्या लाटायची, बऱ्याचदा राहिलेल्या कणकेच्या लहान लहान, आणि मग ताट घेऊन बसायची. तोवर रस्सा कोमट झालेला असायचा, वाटीत बटाट्याच्या फोडी जास्त आणि मटणाच्या कमी असायच्या, आणि आम्ही दप्तरं आवरायला उठून गेलेलो असायचो. कोणी तिला तसं बसायला सांगितलं नव्हतं. पोळी गरमच वाढायची म्हटल्यावर ज्याच्या हातात लाटणं आहे त्याला पंक्तीत बसता येत नाही, एवढीच त्यामागची व्यवस्था होती. तो पदार्थच एक माणूस ओट्याशी उभा मागतो.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. तिच्यात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटं त्या बिनपगारी कामात जातात असं दिसलं, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ९७. पाच तास आणि दीड तास. मी तो अहवाल वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आईची पाठच आली. त्या पाच तासांतला मोठा वाटा चुलीचा असतो हे सांगायला पाहणी लागत नाही.

आता मी न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहते आणि नोकरीला न्यूयॉर्कला जाते. पेन स्टेशनहून सुटलेली नॉर्थईस्ट कॉरिडॉरची गाडी आमच्या मेट्रोपार्क स्टेशनला पोचायला पाऊण तासाच्या आसपास घेते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, आणि डिसेंबरात तर साडेचारलाच सूर्य मावळतो. मी घरी येते तेव्हा बाहेर मध्यरात्रीसारखा अंधार असतो आणि मुलांना भूक लागलेली असते. एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत गोठवलेल्या पोळ्यांची पाकिटं मिळतात. ती मी आणते, त्यात कमीपणा मानत नाही. तरी त्या एकेक करून तव्यावर टाकाव्याच लागतात, भाजीही लागतेच, आणि कुकर लावला की वरण-भाताची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

त्यात पुन्हा वार. आमच्याकडे सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. समुद्र ओलांडला तरी हे वार आमच्याबरोबर आले आणि ते सुटावेत असं मला कधी वाटलं नाही. म्हणजे कोंबडीला उरतात बुधवार, शुक्रवार आणि रविवार. रविवारी निगुतीने वाटण-घाटण करता येतं, शुक्रवारी कोणी ना कोणी येतं. राहता राहिला बुधवार. आठवड्याच्या मधोमध असलेला, सगळे सर्वांत दमलेले असतात तो दिवस. आमच्या घरी बुधवारी रात्री चिकन आणि पास्ता एकाच पॅनमध्ये शिजतो, साईच्या दाटसर रश्शात.

हा पदार्थ सोपा आहे, पण तो का जमतो ते समजून घेतलं तर तो दर वेळी जमतो. म्हणून जरा सावकाश सांगते.

पॅन मोठा हवा, बारा इंची, जाड बुडाचा, उभ्या कडांचा आणि झाकण असलेला. शक्यतो नॉनस्टिक नको, कारण या पदार्थाची निम्मी चव पॅनच्या तळाला चिकटण्यातूनच येते. अर्धा किलोच्या आसपास बोनलेस चिकन घ्यायचं. मी थायचं घेते. ब्रेस्टचं मांस चटकन कोरडं पडतं, थायचं दोन मिनिटं इकडेतिकडे झालं तरी सांभाळून घेतं. दीड-दीड इंचाचे तुकडे करून ते कागदाने अगदी कोरडे टिपायचे. ही पायरी पुष्कळ जण गाळतात. पाणी १०० अंशांना उकळतं. मांसाला खरपूस तांबूस रंग आणि तो भाजका वास यायला साधारण १४० अंशांच्या वर जावं लागतं. तुकड्यावर ओल असेल तोवर पॅनची सगळी उष्णता ती ओल उडवण्यात खर्च होते आणि मांस भाजायच्या ऐवजी वाफेवर पांढुरकं शिजतं.

तेल चांगलं तापलं की मीठ-मिरपूड लावलेले तुकडे एका थरात, एकमेकांपासून सुटे ठेवायचे आणि हात आवरायचा. आपल्या हाताला परतत राहायची सवय असते. इथे तीन-चार मिनिटं काही करायचं नाही. सुरुवातीला तुकडा पॅनला घट्ट धरून बसतो. तेव्हा उलथनं घातलं तर तो फाटतो. खालची बाजू भाजली की तोच आपणहून सुटतो. उलटून दुसरी बाजूही तशीच करायची आणि तुकडे ताटलीत काढून ठेवायचे. आतून ते अजून कच्चे असतात, ते पुढे शिजणार आहेत.

आता पॅनच्या तळाकडे पाहा. तांबड्या-तपकिरी पापुद्र्यांची खरवड बसलेली असते. बाहेरून पाहणाऱ्याला तो पॅन करपलेला वाटेल. त्यात चमचाभर लोणी, एक बारीक चिरलेला कांदा आणि सात-आठ लसणीच्या पाकळ्या पडल्या की कांद्याला सुटलेल्या पाण्याने ती खरवड सैल व्हायला लागते. मग तीन कप पाणी, म्हणजे साधारण सातशे मिलिलिटर, ओतायचं आणि लाकडी उलथन्याने तळ खरवडून काढायचा. पाण्याचा रंग बघता बघता बदलतो: आधी फिकट चहासारखा, मग गडद. सगळी चव तिथून वर येते. रश्शासाठी वेगळी हाडं उकळत ठेवावी लागत नाहीत, वाटणही लागत नाही.

त्यातच सव्वादोनशे ग्रॅम कोरडा पेने पास्ता टाकायचा. अमेरिकेत पाकीट एक पाउंडाचं, ४५४ ग्रॅमचं असतं, म्हणजे अर्धं पाकीट. झाकण ठेवून मध्यम आचेवर अकरा-बारा मिनिटं. दर दोन मिनिटांनी एकदा तळापासून हलवायचं, नाहीतर नळ्या एकमेकींना चिकटतात. पहिली पाच मिनिटं पाहणाऱ्याचा धीर सुटतो, कारण पॅनमध्ये नुसतं पाणीच पाणी दिसतं. सहाव्या-सातव्या मिनिटाला बुडबुडे बदलतात. आधीचे बारीक, भराभर फुटणारे असतात. आता ते मोठे आणि जड होतात, सावकाश वर येतात आणि फुटताना फुस्स असा आवाज करतात. उलथनं फिरवलं की मागे क्षणभर वाट राहते. गव्हातला स्टार्च पाणी पिऊन फुगलेला असतो. साठ अंशांच्या पुढे त्याचे कण फुगू लागतात आणि त्यांतला काही भाग पाण्यात उतरून पाण्याला अंग देतो. नेहमीच्या पद्धतीत पास्ता पातेलंभर पाण्यात उकडून ते पाणी मोरीत ओततात. इथे एक थेंबही बाहेर जात नाही. मैद्याची पेस्ट लावून सॉस दाट करायची गरजच उरत नाही.

शेवटच्या चार-पाच मिनिटांत चिकनचे तुकडे, ताटलीत साठलेल्या रसासकट, परत पॅनमध्ये. जाडातला जाड तुकडा आतून ७४ अंशांपर्यंत पोचला पाहिजे. अमेरिकेच्या कृषी खात्याने कोंबडीसाठी हाच आकडा दिला आहे, आणि दहा-पंधरा डॉलरचा थर्मामीटर घरात असला की अंदाजपंचे राहत नाही. मग आच मंद करून अर्धा कप क्रीम. इथल्या हेवी क्रीममध्ये निदान ३६ टक्के स्निग्धांश असतो, म्हणून ते उकळीलाही फाटत नाही. दूध घातलं तर लिंबाच्या नाहीतर टोमॅटोच्या आंबटाने त्यातली प्रथिनं आवळून दाणे होतात. क्रीममागोमाग दोन मुठी पालक, जो अर्ध्या मिनिटात निपचित पडतो. गॅस बंद. चीज त्यानंतरच. उकळत्या सॉसमध्ये चीज घातलं तर त्यातली प्रथिनं गोळा होऊन तारा सुटतात आणि तूप वेगळं होतं. पार्मेजान तुकडा आणून घरीच किसावं, कारण डब्यातल्या तयार किसात तो मोकळा राहावा म्हणून सेल्युलोज घातलेलं असतं आणि तो नीट विरघळत नाही.

आणि जायफळ. दोन-तीन फेऱ्या किसणीवर, बस. इटलीत दुधा-साईच्या सॉसमध्ये जायफळ घालायची जुनी चाल आहे. माझ्या डब्यातलं जायफळ पुरणासाठी आणलेलं असतं, तेच बुधवारी इथे कामाला येतं. पदार्थाचा जडपणा कमी करायची त्याची युक्ती दोन्हीकडच्या बायकांनी आपापल्या ठिकाणी ओळखली होती.

मग झाकण ठेवून पाच मिनिटं थांबायचं. सगळ्या कृतीतली मला सर्वांत प्रिय पायरी हीच. या पाच मिनिटांत सॉस आळतो, नळ्यांच्या आत शिरतो, आणि माणसाला करायला काही काम नसतं. मी हात धुते, पॅन तसाच उचलून टेबलावर मधोमध ठेवते आणि बसते. सगळ्यांच्या आधी नाही, सगळ्यांच्या नंतर नाही. माझ्याही ताटलीतून तितकीच वाफ येत असते.

एवढ्याने काय फरक पडतो, असं कोणी विचारेल. आमच्या घरात पडला. मी तव्यासमोर उभी असायचे तेव्हा मुलं बोलायची नाहीत असं नाही. पण ती बोलायची ते माझ्या पाठीशी: उद्या सहीची चिठ्ठी हवी, बूट लहान झाले, क्लासला किती वाजता निघायचं. ज्याला उत्तर मान न वळवता देता येतं असंच सगळं. एका बुधवारी मुलगी पालकाची पानं काट्याने ताटलीच्या कडेला नेत होती, एकेक, अगदी नीट ओळीत. तिला पालक आवडतो. मी तिच्या समोर बसले होते म्हणून मला ते दिसलं. मी काही विचारलं नाही, नुसती पाहत राहिले. पाच-सहा पानं लागल्यावर ती म्हणाली की तिच्या जिवलग मैत्रिणीचं घर टेक्सासला जाणार आहे, नाताळाच्या सुट्टीनंतर. पोळ्या लाटत असते तर ती पानं मला दिसलीच नसती.

या पदार्थाला इटालियन म्हणतात, पण तो घडला अमेरिकेत. इटलीच्या घरात पास्ता आधी येतो आणि मांस त्यानंतर, वेगळ्या ताटलीत. कोंबडीचे तुकडे पास्त्यात कालवणं तिथे सहसा होत नाही. पण त्याचं एक मूळ रोमचंच आहे. आल्फ्रेदो दी लेलिओ नावाचा खानावळवाला होता. १९०८च्या सुमारास त्याची बायको इनेस बाळंत झाली, तिची अन्नावरची वासना गेली, ती अशक्त झाली. तेव्हा त्याने तिच्यासाठी ताज्या फेतुचिनीच्या पट्ट्या उकडून भरपूर लोणी आणि पार्मेजान घालून घोळल्या, आणि ती जेवली, अशी त्या घराण्यात सांगितली जाणारी गोष्ट आहे. १९१४ साली त्याने व्हिया देल्ला स्क्रोफा या रस्त्यावर स्वतःची खानावळ काढली. १९२० साली मूकपटांची तारका मेरी पिकफर्ड आणि तिचा नवरा डग्लस फेअरबँक्स मधुचंद्राला रोमला गेले, आल्फ्रेदोकडे जेवले, आणि पुढे त्यांनी त्याला सोन्याचा काटा-चमचा पाठवला. अमेरिकेला या पदार्थाची ओळख झाली ती अशी. त्यात साय नव्हती. साय अमेरिकेतल्या स्वयंपाकघरांनी घातली, आणि कोंबडीही त्यांनीच. मला या गोष्टीत सोन्याच्या काट्यापेक्षा बाळंतीण महत्त्वाची वाटते. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर करून घालायला आई नाहीतर सासू असते. इथे नवरा चुलीपाशी गेला आणि बायको बसून जेवली. जगभर पोचलेल्या एका पदार्थाच्या मुळाशी हे दृश्य आहे, याचं मला मोल वाटतं.

अमेरिकेतली वाट मात्र वेगळ्या गरजेतून गेली. १९३४ साली कॅम्पबेल कंपनीने मश्रूमच्या सुपाचा डबा बाजारात आणला, आणि उकडलेल्या शेवया, कोंबडी किंवा ट्यूना मासा त्यात कालवून भट्टीत ठेवायची चाल घरोघर पडली. १९६० साली पेग ब्रॅकनचं 'द आय हेट टू कुक बुक' आलं. ज्या बाईला स्वयंपाक आवडत नाही पण करावाच लागतो तिच्यासाठी ते लिहिलं होतं, आणि ते तुफान खपलं. १९७१मध्ये जनरल मिल्सने हॅम्बर्गर हेल्पर देशभर विकायला काढलं. एक पॅन, एक पाउंड खिमा, एक पाकीट. पाकिटातला कोरडा पास्ता खिम्याबरोबर त्याच पॅनमध्ये शिजायचा. मांस महागलं होतं आणि बायका मोठ्या संख्येने नोकरीवर जायला लागल्या होत्या. त्या पाकिटाची चव मला पसंत नाही, मीठ फार. पण कामावरून आलेल्या बाईला संध्याकाळी काय हवंय हे त्या पाकिटाने ओळखलं होतं, याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

पास्त्याला पातेलंभर पाणी लागतंच, हा समज नंतर ढळला. पदार्थांचं विज्ञान लिहिणारे हॅरोल्ड मगी यांनी २००९ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आपले प्रयोग लिहिले. एक पाउंड पास्ता दीड क्वार्ट पाण्यात, म्हणजे दीड लिटरलाही थोड्या कमीत, गार पाण्यापासून सुरुवात करून चांगला शिजतो असं त्यांना आढळलं. जाणत्यांनी भुवया उंचावल्या, पण पास्ता शिजत होता. २०१३ साली मार्था स्ट्युअर्टच्या मासिकात एका पॅनमधल्या पास्त्याची कृती आली: लिंग्विनी, छोटे टोमॅटो, कांदा, लसूण, तुळशीच्या जातीची बेझिलची पानं आणि मोजून साडेचार कप पाणी, सगळं एकदम, नऊ मिनिटं. त्यानंतर एका पॅनच्या पास्त्याला तोटा राहिला नाही.

या उन्हाळ्यात आई आमच्याकडे राहून गेली. ती आली त्या पहिल्या बुधवारी ओट्याशी येऊन उभी राहिली.

"अगं, पास्ता वेगळा उकडून घेत नाहीत होय?"

"नाही आई, ह्यातच शिजतो."

"ह्याच पाण्यात?" तिने झाकण उचलून पाहिलं, उलथनं फिरवलं, पाणी कितपत आळलंय ते निथळून पाहिलं. "मग ह्या चकोल्याच की गं."

तिचं खरं होतं. चकोल्या, काही घरांत वरणफळं म्हणतात त्या, म्हणजे कणकेची पोळी लाटून तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे आणि उकळत्या फोडणीच्या वरणात कच्चेच सोडायचे. ते शिजताना कणकेतलं पीठ वरणात उतरतं आणि वरण घट्ट, गुळगुळीत होतं. मगींनी भांड्यात मोजून पाहिलं ते आपल्या आज्या-पणज्यांना हाताने ठाऊक होतं. आणि चकोल्यांचा दिवस हाही पोळ्या न लाटायचा दिवस असायचा. पाऊस फार झाला, आईचं अंग दुखत असलं, की चकोल्या. एकच पातेलं मध्ये यायचं आणि त्या दिवशी आई आमच्याबरोबर जेवायची. हे मला तिच्या त्या एका वाक्यामुळे, इतक्या वर्षांनी, लक्षात आलं. लहानपणी मला चकोल्या इतक्या का आवडायच्या याचं उत्तर मी आजवर चिंच-गुळात आणि वरच्या तुपात शोधत होते.

पॅन टेबलावर आला तरी आई खुर्चीमागे उभीच होती. "तू बस ना."

"बसते गं, आधी तुमचं होऊ दे."

पण करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. वाढायला एकच पदार्थ, तोही ज्याने त्याने घ्यायचा. ती बसली. पहिला घास घेऊन म्हणाली, "मीठ बेताचं आहे. लसूण अजून चालली असती." पुढच्या बुधवारपासून मी लसूण वाढवली आहे. जेवण झाल्यावर तिला वाटीभर दहीभात लागला, तो लागणारच होता.

पोळीला हाताची वर्षं लागतात. कणीक किती सैल भिजवायची, लाटणं कुठे दाबायचं, तवा कधी काढायचा, हे शिकण्यात बाईचं अर्धं आयुष्य जातं आणि मग घरातला दुसरा कोणी त्या तव्याशी उभा राहू शकत नाही, म्हणून तीच उभी राहते. एका पॅनच्या या जेवणाला तितकी जुनी कसबं लागत नाहीत. टिपून कोरडं करणं, हात आवरणं, बुडबुडे ओळखणं, गॅस बंद झाल्यावर चीज घालणं. चार गोष्टी. नवऱ्याला त्या एका संध्याकाळीत आल्या, आठवीतल्या मुलाला दोन-तीन खेपांत. आता बुधवारी जो आधी घरी पोचेल तो पॅन चढवतो. माझी गाडी उशिरा आली तर मला रस्त्यातच संदेश येतो की झाकण ठेवलंय. त्या संध्याकाळी दार उघडताना येणारा लसणीचा आणि भाजलेल्या कोंबडीचा वास हा मी न केलेल्या स्वयंपाकाचा असतो. आईला तिच्या संसारात तो वास कधी आला असेल का, हा विचार मला प्रत्येक वेळी येतो.

हे रोजचं जेवण नव्हे. साय आणि चीज जडच, आठवड्यातून एकदा पुरे. आणि हा पदार्थ उरवायचाही नाही. रात्रभरात पास्ता उरलासुरला सॉस पिऊन टाकतो आणि दुसऱ्या दिवशी डब्यात त्याचा गोळा होतो. थोडं दूध घालून मंद आचेवर सैल करता येतो, पण ती गोडी राहत नाही. जेवढी माणसं तेवढाच करावा.

भारतात करणार असाल तर काही फेरफार लागतील. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापं देऊन लाखो नवख्या हातांना धीर दिला. त्यांना स्मरून सांगायचं तर पास्ता कोरडा चार वाट्या, पाणी साधारण पाच वाट्या, क्रीम पाऊण वाटी. वाटी लहान-मोठी असते, तेव्हा उकळतं पाणी बाजूला तयार ठेवा आणि लागेल तसं वाढवा. पास्ता ड्युरम गव्हाचा बघून घ्या, मैद्याचा या उकळीत विरघळतो. अमूलच्या छोट्या खोक्यातलं फ्रेश क्रीम २५ टक्के स्निग्धांशाचं असतं, ते उकळू देऊ नका. गॅस बंद करून मगच घाला. घरची साय वापरायची तर आधी ती अगदी एकजीव फेटा. पार्मेजान महाग पडतं. नेहमीच्या क्यूबमधल्या चीजने ती चव येत नाही, पण दाटपणा येतो आणि मुलांना चालतं. कोंबडी खात नसाल तर मश्रूम तसेच कोरडे टिपून, तशाच सुट्या थरात भाजा.

आणि एक विनंती. ज्या दिवशी हा पॅन चढवाल त्या दिवशी दुसरं काहीही करू नका. कोशिंबीर नको, बाजूला कुकर नको, कोणासाठी म्हणून दोन पोळ्या नकोत. पॅन टेबलावर आला की ज्याने तो केला त्याची खुर्ची आधी ओढून द्या, आणि तो किंवा ती बसेपर्यंत बाकीच्यांनी पहिला घास घेऊ नका.